ताई, गोळ्या संपायल्यात

दसरा जवळ आला की मराठवाड्यातल्या एआरटी सेंटरसमोरची, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथली, रांग एकदम वाढते. मुकादमाची उचल घेऊन झालेली असते, गाडी कधी निघणार ते ठरलेलं असतं, आणि धारूर, केज, वडवणी, पाटोदा इकडची माणसं पुढचे चार-पाच महिने सांगली-कोल्हापूरला नाहीतर पार कर्नाटकातल्या कारखान्यावर ऊस तोडायला जाणार असतात. एचआयव्हीची गोळी मात्र रोजची, तिला सीझन-बिझन काही नसतो.

मग सेंटरवरच्या समुपदेशक ताई रजिस्टर घेऊन फोन लावायला बसतात. कोण कोणत्या कारखान्याला चाललंय, कोणत्या मुकादमाबरोबर, हातात किती गोळ्या, तिथून जवळचं सेंटर कुठलं. जमलं तर दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम, नाही जमलं तर तिकडच्या सेंटरला फोन करून ठेवायचा की आमचा एक कोयता येतोय, नवरा-बायको दोघंही औषधावर आहेत, रांगेत लई उभं करू नका, रोजगार बुडतो त्यांचा.

ताईंचं नाव आपण सांगणार नाही, सेंटर कुठलं तेही नाही आणि या व्हिडिओत पेशंटचे चेहरेही दिसणार नाहीत. २०१७ चा एचआयव्ही कायदा आहेच, परवानगीशिवाय कुणाचं स्टेटस उघड करता येत नाही, पण कायदा नसता तरी ताईंनी कॅमेरा आत येऊ दिला नसता. आम्हाला पहिल्याच दिवशी दारात सांगितलं, "माझं काय शूट करायचं ते करा, माझ्या माणसाची चप्पलसुद्धा दिसायला नको. गावात चपलीवरून माणूस ओळखतात."

या कामात त्या आल्या तेव्हा मोफत औषध नव्हतंच. रिपोर्ट हातात द्यायचा आणि समोरचा माणूस सावरेपर्यंत बसून राहायचं, एवढंच हातात होतं. १ एप्रिल २००४ ला सरकारनं एआरटी फुकट सुरू केली, पण सुरुवातीला अख्ख्या देशात मोजून आठ सेंटर, त्यात मुंबईचं जेजे. परभणी-जालन्याचा माणूस देवगिरी एक्स्प्रेसनं रात्रभर बसून मुंबईला जाणार, अंगात ताप, खिशात परतीचे पैसे असतील-नसतील, कित्येकजण गेलेच नाहीत. नंतर मेडिकल कॉलेज, मग जिल्हा रुग्णालय, मग तालुक्यापर्यंत गोळ्या पोचल्या आणि खरं काम तिथून सुरू झालं असं ताई म्हणतात, कारण गोळी देणं सोपंय, ती रोज पोटात जाणं अवघड.

का अवघड ते बघा. आधी दिवसातून दोनदा गोळ्या होत्या, महिन्याचे ६० डोस, त्यात तीनाच्या वर चुकायला नकोत. नंतर रात्रीची एकच गोळी आली, पण त्यात इफाविरेंझ नावाचं औषध, ती गोळी घेतली की गरगरायचं, भलतीच स्वप्नं पडायची. घरी झोपणाऱ्याला चालून जातं हो, पण तोडणीवाल्याला पहाटे गाडी भरायची असते, डोक्यावर मोळी आणि पायाखाली गाडीत चढायची फळी, तिथं गरगरून कसं चालेल? म्हणून माणसं गुपचूप गोळी चुकवायची. कागदावर ते बेजबाबदार पेशंट. ताईंनी नीट विचारलं तेव्हा फळीचं कळलं, मग डॉक्टरांशी बोलून कुणाची वेळ संध्याकाळवर आणली, कुणाचं औषधच बदलून घेतलं. आता डोल्युटेग्राविर या नव्या औषधाची टीएलडी गोळी आलीय, तिचा तसा त्रास बहुतेकांना नाही.

दुसरी भानगड बाटलीची. तोडणीवाल्यांच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, दार नाही, कुलूप नाही, शेजारणीनं लेबल वाचलं तर अख्ख्या टोळीत बोभाटा. म्हणून बाया गोळ्या काढून पिठाच्या डब्यात पुरचुंडीत ठेवायच्या आणि त्या ओल धरायच्या. ताईंचा सल्ला एकदम साधा, लेबल नखानं खरवडा, बाटली तीच ठेवा, आतली ओल शोषणारी छोटी पुडी फेकू नका. हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवत असतील असं मला तरी वाटत नाही.

रात्री साडेनऊला फोन येतो. "ताई, गोळ्या संपायल्यात, अन मुकादम सोडंना गेलाय." ताई मुकादमाशी बोलतात, पण आजाराचं नाव न काढता, "बाईला रक्ताच्या तपासणीला बोलावलंय, सोडा एक दिवस." जो माणूस यायचा थांबतो त्याला रजिस्टरमध्ये एलएफयू लिहितात, लॉस्ट टू फॉलोअप. ताई तसं लिहितात, लिहावंच लागतं, आणि मग त्याच्या भावकीतल्या कुणाचा तरी नंबर हुडकत बसतात.

एवढं करून त्यांची नोकरी अजून कंत्राटीच, दरवर्षी नवीन ऑर्डर. त्याग, सेवा असले शब्द काढले की त्या चिडतात. "पगार वाढवा म्हणावं," एवढंच बोलतात.

आईच्या पोटातून एचआयव्ही घेऊन आलेली, इथंच गोळ्या खात वाढलेली लेकरं आता विशी-पंचविशीत आहेत. पालीचं इन्फन्ट इंडिया, हासेगावचं सेवालय अशा संस्थांनी कितीतरी जणांना आसरा दिला, बाकीची आजी-मामाकडं वाढली. त्यांचा प्रश्न वेगळाय. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, सापडतच नाही इतका खाली आणि तसाच राहिला तर संबंधांतून पुढे लागण होत नाही, हे त्यांना पाठ आहे. पण पोरगी पसंत आहे, सांगायचं कसं? परवा एक पोरगा हेच विचारत होता. ताई म्हणाल्या, "साखरपुड्याच्या आधी सांगायचं. तिला इकडं घेऊन ये, मी समजावते. रविवारी आणलंस तरी चालंल, मी येते."