मलबार हिल: टॉवरांच्या पायथ्याचं पाणी

हा ड्रोन शॉट नीट बघा. एका अंगाला टॉवर, दुसऱ्या अंगाला समुद्र, आणि मधे तो लांबट हिरवा चौकोन दिसतोय ना, ती बाणगंगा, दगडी पायऱ्यांचा जुना तलाव. मुंबईतलं मलबार हिल म्हटलं की लोकांना आधी फ्लॅटचा भाव आठवतो, मग मुख्यमंत्र्यांचा वर्षा बंगला, सह्याद्री अतिथीगृह, पोलिसांच्या गाड्या... ते सगळं आहेच इथे, पण आम्ही कॅमेरा घेऊन गेलो ते पाण्यासाठी.

श्रीमंती इथे आली कशी तेवढं आधी सांगून टाकतो. इंग्रज गव्हर्नर राहायचे परळला. 1882 मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन (हो, पुण्याच्या कॉलेजवाले तेच) यांची पत्नी तिथे कॉलऱ्याने गेली, आणि 1885 मध्ये गव्हर्नरचं बिऱ्हाड समुद्राच्या टोकाला, मलबार पॉइंटला हललं. आजचं राजभवन ते हेच. साहेब आले म्हटल्यावर शेटजी मागे कशाला राहतील, कापसात आणि गिरण्यांत कमावलेल्यांचे बंगले टेकडीभर उभे राहिले. हे रिज रोडचं जैन मंदिर 1904 चं, दारातले दोन दगडी हत्ती बघा, फोटो काढल्याशिवाय इथून कोणी पुढे जात नाही. या बंद गेटमागे जिना हाऊस, महंमद अली जिनांचं घर, 1936 चं, क्लॉड बॅटली या आर्किटेक्टने बांधलेलं, 1944 च्या सप्टेंबरमध्ये गांधीजी जिनांशी बोलणी करायला इथेच यायचे. अणुशास्त्रज्ञ होमी भाभांचा मेहरांगीर बंगला मात्र तुम्हाला दाखवता येत नाही, 2014 मध्ये 372 कोटींना लिलावात गेला आणि 2016 मध्ये पाडला.

आता खाली उतरू. वाळकेश्वर रोड सोडला की गल्ली अरुंद होत जाते, फुलवाले, छोटी छोटी देवळं, धर्मशाळा, मठ, दोरीवर वाळत घातलेले कपडे, आणि एकदम समोर पायऱ्या. गंमत म्हणजे समुद्र इथून हाकेच्या अंतरावर, तरी हे पाणी गोडं, कारण तळाशी जिवंत झरा आहे. सीता शोधताना रामाला तहान लागली, बाण मारला, गंगा आली, ही कथा इथे कोणीही सांगेल. इतिहास सांगतो की शिलाहार राजांच्या दरबारातल्या लक्ष्मण प्रभू नावाच्या मंत्र्याने 1127 मध्ये वाळकेश्वराचं मंदिर आणि तलाव बांधला, पुढे पोर्तुगीजांनी मंदिर पाडलं, आणि 1715 मध्ये रामा कामत या सारस्वत व्यापाऱ्याने पैसा घालून परत उभं केलं. तलाव आजही गौड सारस्वत ब्राह्मण टेंपल ट्रस्टकडे आहे. म्हणजे गव्हर्नर, गिरणीमालक, बिल्डर यायच्या कितीतरी आधी या टेकडीवर माणसं यायची ती या पाण्यापाशी, हे आम्हाला मुद्दाम सांगायचंय.

या पायऱ्या जवळून बघा. दगड झिजून मधे खोलगट झालाय, कडेला बदकं बसलीत, काठावर दीपस्तंभ, म्हणजे दिवे लावायचे दगडी खांब. जून 2024 मध्ये गाळ काढायला म्हणून ठेकेदाराने याच पायऱ्यांवरून मशीन खाली उतरवलं! शेकडो वर्षं पायांनी झिजलेला दगड एका दिवसात फुटला. मूळ काम होतं तलावाचं जतन करायचं, म्हणजे गाळ हाताने काढायचा, दीपस्तंभ दुरुस्त करायचे, भोवतीचा प्रदक्षिणेचा रस्ता मोकळा करायचा. लोकांनी आरडाओरडा केला, पोलिसात तक्रार झाली, पायऱ्या पुन्हा बसवल्या. पायऱ्यांवरच्या झोपड्या काढून तिथल्या कुटुंबांना दुसरीकडे घरं दिली.

मासेही इथे भरपूर. सर्वपित्री अमावस्येला लोक पिंड, भात, पीठ पाण्यात सोडतात, ते कुजतं, पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो आणि दोन-चार दिवसांत मासे मरून वर येतात, बऱ्याच वर्षी हे होतं. पितरांचं करा हो, कोणी नको म्हणत नाही, पण भात पाण्यात न टाकता बाजूला ठेवलात तरी कावळा येतोच.

आता पुन्हा टेकडीवर, हँगिंग गार्डन. लहानपणी सहलीला आलेल्या सगळ्यांना इथली हत्ती-जिराफाच्या आकाराची झुडपं आणि समोरच्या कमला नेहरू पार्कातलं म्हातारीचं बूट आठवत असेल, पण या हिरवळीखाली टाकी आहे हे किती जणांना माहितीय? इंग्रजांच्या काळातली, पाच कप्प्यांची, दक्षिण मुंबईच्या मोठ्या भागाला पाणी देणारी. उंचावर आहे म्हणून पाणी उताराने आपोआप खाली जातं. टाकी जुनी झाली, नवीन बांधू असं पालिकेने ठरवलं आणि त्यासाठी हटवाव्या लागणाऱ्या 389 झाडांचा प्रश्न आला. लोक रस्त्यावर उतरले, तज्ज्ञांची समिती नेमली, त्यांनी एकेक कप्पा रिकामा करून आत उतरून पाहणी केली. शेवटी नवीन टाकीचा बेत मागे पडला, आहे तिचीच दुरुस्ती करायची ठरली. आमच्या मते बरं झालं.

बाणगंगा बघायची असेल तर सकाळी लवकर जा. गाडी वर मेन रोडलाच कुठेतरी लावा आणि चालत उतरा, खाली गल्लीत गाडी अडकली तर मागे घेताना वाट लागते.