व्हायरस लागलेला कॉम्प्युटर नव्याने उभा करताना

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचंय ते व्हायरसने पोखरलेल्या जुन्या कॉम्प्युटरबद्दल. यंत्र चालू होतं, पण डेस्कटॉप दिसेपर्यंत जीव मेटाकुटीला येतो. ब्राउझर उघडावा तर भलतंच पान समोर येतं. अँटिव्हायरस आपोआप बंद पडतो. टास्क मॅनेजर उघडायला गेलं, तर तो ॲडमिनिस्ट्रेटरने बंद केल्याचा संदेश येतो, आणि त्या यंत्राचे ॲडमिनिस्ट्रेटर तर तुम्हीच असता. अशा वेळी बहुतेक जण एक अँटिव्हायरस काढून दुसरा टाकतात, त्याने भागलं नाही की तिसरा. माझं मत विचाराल तर, प्रकरण इतकं हाताबाहेर गेलं असेल तेव्हा साफसफाईत दिवस घालवू नका. डिस्क पुसा आणि ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाका.

असं का म्हणतो, ते सांगतो. एखाद्या फोल्डरमध्ये काय काय आहे हे अँटिव्हायरसला बघायचं असतं, तेव्हा तो ते विंडोजलाच विचारतो. विंडोजचं उत्तर मधल्या मध्ये बदलणारा प्रोग्रॅम आधीच आत शिरून बसला असेल, तर अँटिव्हायरसपर्यंत खरं उत्तर पोहोचतच नाही. अशा प्रोग्रॅमला रूटकिट म्हणतात. २००५ साली सोनी बीएमजी या कंपनीच्या संगीताच्या काही सीडींमध्ये असाच एक रूटकिट सापडला. गाण्यांच्या नकला रोखण्यासाठी तो घातलेला होता. विंडोजचे जाणकार मार्क रुसिनोविच यांनी तो उघडकीला आणला. त्याची करामत अशी, की ज्या फाइलचं नाव डॉलरची खूण, मग एस, वाय, एस आणि पुन्हा डॉलरची खूण असं सुरू होई, ती फाइल विंडोजमध्ये दिसेनाशीच व्हायची. थोड्याच दिवसांत व्हायरस लिहिणाऱ्यांनी आपल्या फायलींना तेच नाव द्यायला सुरुवात केली. डिस्कवर फाइल आहे, पण विंडोज म्हणतं नाही. आता त्याच विंडोजवर बसून केलेल्या स्कॅनच्या ‘सर्व ठीक आहे’ या निकालावर किती विसंबायचं?

पण श्रोतेहो, पुसण्याआधी एक काम आहे आणि त्यात घाई अजिबात करू नका. तुमचे फोटो, पत्रं, हिशेब, मुलांचे लहानपणीचे व्हिडिओ यांची एकुलती एक प्रत बऱ्याचदा याच डिस्कवर असते. विंडोज पुन्हा टाकता येतं, फोटो पुन्हा येत नाहीत.

ही प्रत बाहेर काढताना आजारी विंडोज चालूच करू नका. दुसऱ्या, निरोगी कॉम्प्युटरवर लिनक्स या विंडोजसारख्याच, पण फुकट मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचा बूट होणारा, म्हणजे यंत्र थेट ज्यावरून सुरू होतं असा, पेनड्राइव्ह तयार करा आणि आपलं यंत्र त्यावरून सुरू करा. चालू करताना एफ१२, एफ२, एस्केप किंवा डिलीट, यांपैकी कुठली तरी एक कळ दाबली की पेनड्राइव्हवरून बूट करायचा पर्याय येतो. कळ कंपनीप्रमाणे बदलते, पण सुरुवातीला पडद्यावर खाली बारीक अक्षरांत ती बहुधा लिहिलेली असते. डिस्क बिटलॉकर या विंडोजच्या सोयीने कुलूपबंद असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लागेल, ती आधीच शोधून ठेवा.

लिनक्समधून डिस्क उघडली की काही वेळा डोळे उघडणारं दृश्य दिसतं. विंडोजमध्ये ‘सहलीचे फोटो’ नावाचं एकच फोल्डर दिसत होतं. इथे त्याच नावाच्या दोन गोष्टी शेजारी शेजारी दिसतात. एक खरं फोल्डर, जे व्हायरसने ‘लपलेलं’ अशी खूण लावून विंडोजच्या नजरेआड केलं होतं. आणि दुसरी, त्याच नावाची काहीशे केबीची फाइल, जिच्या नावाच्या शेवटी डॉट ई-एक्स-ई आहे. तिचं चित्र पिवळ्या फोल्डरचं, आणि विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट मुळातच लपवून ठेवतं, म्हणून तुम्ही इतके दिवस तिच्यावर डबल क्लिक करत होता. दर वेळी व्हायरस चालायचा आणि मग तुम्हाला संशय येऊ नये म्हणून तोच खरं फोल्डर उघडून दाखवायचा. लिनक्सवर ती फाइल डबल क्लिकने चालत नाही आणि लपवल्याची खूणही तिथे मानली जात नाही, त्यामुळे दोन्ही उघड दिसतात. खरं फोल्डर घ्या, दुसरी फाइल तिथेच राहू द्या.

काय घ्यायचं यापेक्षा काय घ्यायचं नाही हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पुष्कळांच्या डी ड्राइव्हवर ‘सॉफ्टवेअर’ नावाचं एक फोल्डर असतं. कधी काळी डाउनलोड केलेले प्रोग्रॅम, कुणाकडून आणलेले गेम, विकतचे प्रोग्रॅम फुकट चालवणारे क्रॅक, ॲक्टिव्हेटर, सगळं तिथे साठवलेलं. ते फोल्डर सोडून द्या. कितीही जीव जडला असला तरी सोडून द्या. सॅलिटीसारखे व्हायरस स्वतःची वेगळी फाइल करून थांबत नाहीत, डिस्कवरच्या चांगल्या ई-एक्स-ई फायलींमध्ये स्वतःचा कोड घुसवतात. लोक येऊन सांगतात, ‘कालच फॉरमॅट मारला, आज पुन्हा तेच!’ त्यात चमत्कार काही नसतो. फॉरमॅट फक्त सी ड्राइव्हचा झालेला असतो, डी ड्राइव्ह जसाच्या तसा असतो आणि नव्या विंडोजवर पहिला प्रोग्रॅम टाकला जातो तो त्याच ‘सॉफ्टवेअर’ फोल्डरमधून.

वर्डच्या जुन्या, डॉट डीओसी नावाच्या फायलींमध्ये मॅक्रो, म्हणजे फाइलसोबत येणारे छोटे प्रोग्रॅम, असू शकतात, म्हणून नव्या सिस्टिमवर त्या उघडताना मॅक्रो चालू करू नका. डॉट डीओसीएक्स प्रकारात मॅक्रो साठवलेच जात नाहीत. आणखी एक गोष्ट विसरली जाते, ती म्हणजे फॉन्ट. युनिकोड ही अक्षरांची आजची सर्वमान्य पद्धत येण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर असेल, तर तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर सगळा लेख चिन्हांचा कचरा होऊन बसतो. अशा फॉन्टच्या फायलींची प्रत घ्या, निदान त्यांची नावं तरी लिहून ठेवा. ब्राउझरचे बुकमार्क, कॉम्प्युटरवरच साठवलेले ईमेल, डेस्कटॉपवर पसरलेलं सगळं, हेही आठवणीने घ्या. आणि प्रत झाली की ती दुसऱ्या यंत्रावर जोडून चार-दोन फोटो, एखादा व्हिडिओ खरोखर उघडतो का ते पाहा.

फायली रॅन्समवेअरने, म्हणजे खंडणी मागणाऱ्या व्हायरसने, कुलूपबंद केल्या असतील तरी त्यांची प्रत ठेवा. काही टोळ्यांच्या किल्ल्या पुढे पोलिसांच्या किंवा संशोधकांच्या हाती लागतात. युरोपोल ही युरोपची पोलीस संस्था, डच पोलीस आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये ‘नो मोअर रॅन्सम’ हा उपक्रम सुरू केला, तिथे अशी कुलपं उघडणारी साधनं फुकट मिळतात.

आता पुसण्याकडे येऊ. क्विक फॉरमॅट म्हणजे पुस्तकाची फक्त अनुक्रमणिका फाडणं, पानं जागेवरच राहतात. व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये पूर्ण फॉरमॅट मात्र सगळ्या जागेवर शून्यं लिहितो. पण यातला कुठलाही फॉरमॅट एका पार्टिशनपुरताच, म्हणजे सी किंवा डी अशा डिस्कच्या एका भागापुरताच असतो. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर पहिल्याच ५१२ बाइटमध्ये बूटचा छोटा कोड आणि पार्टिशनचा तक्ता असतो, तो कुठल्याच पार्टिशनमध्ये येत नाही. बूटकिट प्रकारचे व्हायरस नेमके तिथे जाऊन बसतात, म्हणजे विंडोजच्या आधी ते चालू होतात. म्हणून पुसायची ती अख्खी डिस्क.

विंडोजच्या इन्स्टॉल पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करा. त्याआधी बॅकअपची डिस्क काढून बाजूला ठेवा, कारण पुढच्या यादीत तीही दिसते आणि एका चुकीच्या क्लिकने जाते. सेटअप सुरू झाल्यावर शिफ्ट आणि एफ१० दाबलं की काळी खिडकी उघडते. तिथे डिस्कपार्ट असं टाइप करा, मग लिस्ट डिस्क. आकार बघून आपली डिस्क ओळखा, ती सिलेक्ट करा आणि क्लीन टाइप करा. दोन क्षणांत पार्टिशनचा तक्ता आणि जुना बूट कोड जातो. व्हायरसपुरतं एवढं पुरे, कारण जुना मजकूर डिस्कवर कुठे उरला तरी त्याला चालवणारं कुणी राहत नाही. कॉम्प्युटर दुसऱ्या कुणाला द्यायचा असेल तर मात्र क्लीन ऑल वापरा. ती प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहिते, मोठ्या डिस्कवर काही तास जातात. एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी डिस्क असेल तर तिच्या कंपनीचं साधन किंवा बायोस या यंत्र सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममधला सिक्युअर इरेज वापरा. आजकालच्या हार्ड डिस्कवर सात-सात वेळा पुसायची गरज नाही, एकदा नीट पुसलेलं पुरतं.

मदरबोर्डच्या चिपमध्ये लपणारे व्हायरसही आहेत. २०१८ मध्ये ईसेट या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी लोजॅक्स नावाचा असा नमुना जाहीर केला. पण ते नेमक्या लक्ष्यांवर सोडलेले असतात, आपल्या घरच्या यंत्रावर तो असेल या धास्तीने कॉम्प्युटर फेकून देऊ नका.

आता टाकायचं काय? इथे मला आग्रहाने सांगायचंय, श्रोतेहो. जुनं यंत्र म्हणून जुनंच विंडोज ७ टाकू नका. त्याला सुरक्षा अपडेट मिळणं १४ जानेवारी २०२० ला थांबलं. विंडोज १० चीही नेहमीची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा रॅन्समवेअर जगभर पसरला, तेव्हा कुणी चुकीच्या जागी क्लिक करण्याचीही गरज नव्हती. भोक बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलेलं होतं, ते न घेतलेली यंत्रं सापडली आणि त्यांतली बहुतेक विंडोज ७ ची होती. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय, निदान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते, शिवाय प्रोसेसरही त्यांच्या यादीतला हवा. तेवढी ऐपत यंत्रात नसेल तर लिनक्स मिंट टाका. किमान २ जीबी रॅमवर ते चालतं, ४ असेल तर बरं. टाकण्याआधी पेनड्राइव्हवरूनच चालवून प्रिंटर, वाय-फाय, आवाज तपासता येतो. एखादा खास विंडोजवरचाच प्रोग्रॅम लागत असेल तर मात्र हा मार्ग अडेल, ते आधीच बघा.

इन्स्टॉलची फाइल कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्या. कुणीतरी ‘सुधारून’ ठेवलेलं विंडोज किंवा फुकटचा ॲक्टिव्हेटर घेणं म्हणजे नव्या घरात चोरालाच राखणीला बसवणं. मूळ यंत्र विंडोज ८ किंवा त्यानंतरचं, कंपनीने विंडोज घालून दिलेलं असेल तर की बहुधा मदरबोर्डमध्येच असते, सेटअप ती आपोआप वाचतो.

माझ्याकडे असं यंत्र आलं की मी सगळ्यात आधी तारीख बघतो. मदरबोर्डवर सीआर२०३२ ही नाण्याएवढी बॅटरी असते. ती संपली की यंत्राचं घड्याळ काही वर्षं मागे जातं. मग सुरक्षित संकेतस्थळं उघडत नाहीत, अपडेट अडतात, आणि माणसाला वाटतं व्हायरस गेलाच नाही. बॅटरी बदला, तारीख लावा. डिस्कची तब्येतही स्मार्ट, म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेली नोंद, वाचणाऱ्या एखाद्या साधनाने तपासा. मरायला टेकलेली डिस्कसुद्धा यंत्र असंच रखडवते.

नव्या सिस्टिमवर आधी अपडेट, मग बॅकअपचं स्कॅन, आणि त्यानंतर आपल्या फायली. रोजच्या कामासाठी साधं अकाउंट करा, ॲडमिनिस्ट्रेटरचं बाजूला ठेवा.

आणि पासवर्ड. डिस्क पुसली तरी तुमचा जो पासवर्ड आधीच बाहेर गेला तो परत येत नाही. सगळ्यात आधी ईमेलचा बदला, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड त्याच्यावरूनच बदलता येतात. मग बँक, मग उरलेले. प्रत्येक ठिकाणी ‘सर्व उपकरणांवरून साइन आउट’ असा पर्याय शोधून तो वापरा, कारण चोरलेली ब्राउझरची कुकी, म्हणजे तुम्ही आधीच लॉगिन केल्याची खूण, पासवर्डशिवायही खातं उघडते. शेवटी ईमेलच्या सेटिंगमध्ये जाऊन फॉरवर्डिंग आणि रिकव्हरीचा पत्ता तपासा. अनोळखी पत्ता दिसला तर तो लगेच काढा. नमस्कार.