शब्द देही झाला, म्हणजे नेमकं काय झाला?

मंडळी, नमस्कार. पत्रिकेत विषय ‘बायबलमधला येशू आणि नॉस्टिकांचा येशू’ असा छापलाय (नॉस्टिक म्हणजे गूढ ज्ञानानं मुक्ती मिळते असं मानणारे सुरुवातीच्या काळातले ख्रिस्ती पंथ), पण मला खरं बोलायचंय ते एका मराठी शब्दाबद्दल. योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एकात, पहिल्याच अध्यायात, आपल्या प्रचलित भाषांतरात वाक्य आहे : ‘शब्द देही झाला’. हा ‘देही’ मला कित्येक वर्षं स्वस्थ बसू देत नाही. त्याच्याकडे येतेच. आधी मडक्याची गोष्ट. ती मला फार आवडते.

डिसेंबर १९४५. वरच्या इजिप्तमध्ये, नाग हम्मादीजवळच्या एका कड्यापाशी मुहम्मद अली नावाचा शेतकरी शेतात घालायला खतमाती खणत होता. कुदळ मडक्याला लागली. तोंड बंद केलेलं. आत जिन असेल म्हणून तो आधी घाबरला, मग वाटलं, सोनं असलं तर? फोडलं. निघाली चामड्यात बांधलेली पुस्तकं. त्यानं ती घरी नेऊन चुलीशेजारच्या पेंढ्यात टाकली आणि आईनं त्यातली काही पानं पेंढ्याबरोबर पेटवली. आता या कथेच्या तपशिलांवर अलीकडे काही अभ्यासक शंका घेतात, तेही सांगायला हवं. पुस्तकं मात्र खरी. आज ती कैरोच्या कॉप्टिक संग्रहालयात आहेत. पन्नासेक ग्रंथ, बरेचसे नॉस्टिकांचे, सगळे कॉप्टिक म्हणजे इजिप्तच्या जुन्या भाषेतले. वाळवंटानं सोळाशे वर्षं सांभाळलेलं काहीतरी एका घरच्या भाकऱ्यांना जळण झालं असेल, या विचारानं आजही पोटात कालवतं.

माझी तक्रार याच मडक्यावरून आहे. प्रत्येक व्याख्यानानंतर कुणीतरी मंचाजवळ येऊन हळूच विचारतं, ‘खरा येशू याच पुस्तकांत होता ना? निकायाला भरलेल्या धर्माध्यक्षांच्या परिषदेत रोमन बादशहानं ती बाद केली ना?’ नाही हो! निकाया ३२५ची, तिथे वाद होता पित्याचं आणि पुत्राचं नातं काय, हा. ग्रंथांची यादी ठरवणं हा तिथला विषयच नव्हता. नव्या कराराच्या नेमक्या सत्तावीस पुस्तकांची यादी आपल्याला प्रथम भेटते ती अलेक्झांड्रियाचा धर्माध्यक्ष अथनेशियस याच्या ३६७च्या पत्रात. आणि शुभवर्तमानं चारच, असं ठासून सांगणारा धर्माध्यक्ष इरेनियस लिहीत होता इसवी सन १८०च्या सुमारास, आजच्या फ्रान्समधल्या लियोंमध्ये. त्याच गावात १७७ साली ख्रिस्ती माणसांना हाल करून मारलं होतं. कुठला बादशहा त्याच्या पाठीशी असणार?

दुसरी तक्रार. याच मडक्यातल्या थोमाच्या शुभवर्तमानातलं ‘लाकूड चिरा, मी तिथे आहे; दगड उचला, मी सापडेन’ हे वचन सगळ्यांना पाठ. सुंदरच आहे ते. पण एकूण ११४ वचनं आहेत, शेवटचं कुणी वाचतं का? येशूचा शिष्य पेत्र म्हणतो, मरियेला आपल्यातून जाऊ द्या, बायका जीवनाला पात्र नाहीत. येशू म्हणतो, मी तिला पुरुष करीन. नॉस्टिक म्हणजे स्त्रियांचे कैवारी असं सरसकट सांगणाऱ्यांनी इथे क्षणभर थांबावं. थोमा कितपत नॉस्टिक, हाही वाद आहेच, पण...

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, मग सरळ ‘देही’कडे.

नॉस्टिकांची मांडणी थोडक्यात अशी. हे जग परमदेवानं केलेलं नाही. एका अज्ञानी, खालच्या निर्मात्यानं केलंय. याल्दाबाओथ त्याचं नाव. ‘माझ्यावाचून दुसरा देव नाही’ अशी तो बढाई मारतो. म्हणजे जुन्या कराराचा देव थेट आरोपीच्या पिंजऱ्यात! देह ही त्याची कोठडी, आत अडकलेली ठिणगी म्हणजे आपण, आणि येशू तिला जागं करायला आलेला. मग असा येशू मरेल कसा? त्याच मडक्यातल्या एका ग्रंथात देहाला खिळे ठोकले जातात आणि जिवंत येशू वर हसत असतो.

आता आपला शब्द बघा. गीतेत देही म्हणजे देहात राहणारा, जुनी वस्त्रं टाकावीत तशी शरीरं टाकणारा. मराठी कानाला ‘शब्द देही झाला’ ऐकू येतं ते असं की शब्द देहात राहायला आला. या वाक्यावर नॉस्टिक आनंदानं सही करेल! केरिंथस नावाचा त्या काळचा एक नॉस्टिक गुरू हेच म्हणे : ख्रिस्त बाप्तिस्म्याच्या वेळी येशूवर उतरला आणि दुःखभोगाआधी निघून गेला. पण योहानाचा ग्रीक शब्द आहे ‘सार्क्स’. सार्क्स म्हणजे मांस. शब्द मांस झाला. कानाला खटकतं ना? खटकायलाच हवं. दोन येशूंमधली सगळी भिंत त्या खटक्यात आहे. म्हणून तर योहानाच्या पहिल्या पत्रात कसोटी दिली आहे : येशू देहानं आला हे कबूल करतो तोच आत्मा देवाचा.

अंत्युखियाचा धर्माध्यक्ष इग्नेशियस याला साखळदंडांत रोमला नेत होते, श्वापदांपुढे टाकायला. वाटेतून त्यानं पत्रात विचारलं, येशूनं भोगलं तो नुसता भास असेल, तर मी बेड्यांत का?

शुभवर्तमानकार लूक तर आणखी पुढे जातो. पुनरुत्थानानंतर शिष्यांना वाटतं, भूत आलं. येशू हातपाय दाखवतो, तरी त्यांचा विश्वास बसेना. मग विचारतो, खायला काही आहे का? ते भाजलेल्या माशाचा तुकडा देतात, आणि तो त्यांच्या देखत खातो.

वेळ संपली. प्रश्न घेऊ या.