शेजारच्या खुर्चीतला माणूस

हवाई वाहतूक नियंत्रण म्हटलं की रडारचा पडदा, त्यावर सरकणारे ठिपके आणि हेडसेट लावून बोलणारा एक माणूस एवढंच आपल्या डोळ्यांपुढे येतं. मला आज त्याच्या शेजारी बसलेल्या दुसऱ्या माणसाबद्दल बोलायचं आहे. नवा कंट्रोलर पहिल्यांदा खऱ्या विमानांशी बोलतो तेव्हा एक अनुभवी कंट्रोलर आपला हेडसेट त्याच जागेवर जोडून बाजूला बसतो. तो प्रत्येक शब्द ऐकतो आणि गरज पडली तर ट्रेनीचा आवाज मध्येच तोडून स्वतः बोलू शकतो. या शिक्षणाला आमच्याकडे ओजेटी (ऑन-द-जॉब ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं शिक्षण) म्हणतात. त्या वेळी आवाज ट्रेनीचा असतो, पण लायसन्स इन्स्ट्रक्टरचं असतं आणि जबाबदारीही त्याचीच. या दोघांमध्ये जे घडतं, त्यातून पुढच्या कित्येक वर्षांची सुरक्षितता घडते किंवा बिघडते, असं माझं ठाम मत आहे.

अकादमीत नियम, हवामान, विमानांच्या क्षमता, रेडिओवरची ठरावीक भाषा हे सगळं शिकवतात. सिम्युलेटरवर सरावही भरपूर होतो. पण तिथे विमान आदळलं तर सराव थांबवून पुन्हा सुरू करता येतो. प्रत्यक्ष कामात अनोळखी उच्चाराचा पायलट असतो, अचानक फिरलेला वारा असतो, एकाच वेळी वाजणारे दोन फोन असतात. हे सगळं सांभाळताना डोक्यात आकाशाचं एक चालतं चित्र धरून ठेवावं लागतं: आत्ता कोण कुठे आहे आणि पाच मिनिटांनी कोण कुठे असेल. कंट्रोलर याला ‘पिक्चर’ म्हणतात. ‘पिक्चर गेलं’ हे या व्यवसायातलं सगळ्यात भीतीदायक वाक्य आहे.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे आयकाओने, किमान अट ठरवून दिली आहे. टॉवरच्या, म्हणजे विमानतळावरच्या वाहतुकीच्या, रेटिंगसाठी (त्या कामाच्या पात्रतेसाठी) देखरेखीखाली 90 तास किंवा 1 महिना, अप्रोच (विमानतळाकडे येणारी-जाणारी विमानं) आणि एरियासाठी (लांबच्या मार्गांवरची विमानं) 180 तास किंवा 3 महिने, यांपैकी जे जास्त असेल ते. गजबजलेल्या केंद्रांत याच्या कितीतरी पट वेळ लागतो. रात्री तीन वाजता रिकाम्या आकाशाखाली बसून तास भरतात, पण हात तयार होत नाही. त्यामुळे वहीतल्या तासांचा आकडा बघून कोणाची तयारी ठरवू नये.

आता मूळ अडचणीकडे येतो. इन्स्ट्रक्टरने मध्ये कधी पडायचं? ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. तो दाबला की गाडी थांबते. विमान थांबत नाही. रडारखाली दोन विमानांमध्ये साधारणपणे 5 सागरी मैलांचं, म्हणजे सुमारे 9 किलोमीटरचं आडवं अंतर किंवा 1,000 फुटांचं उभं अंतर ठेवावं लागतं. विमानतळाजवळ आडवं अंतर बऱ्याचदा 3 मैलांवर येतं. एकाच उंचीवर समोरासमोर येणारी दोन जेट विमानं प्रत्येकी 450 नॉटच्या (ताशी 450 सागरी मैलांच्या) वेगाने उडत असतील, तर त्यांच्यातलं अंतर दर 4 सेकंदांना 1 मैलाने घटतं. ट्रेनी दहा सेकंद विचारात हरवला, की अडीच मैल गेले. त्यात पायलटने सूचना ऐकायची, ती परत म्हणून दाखवायची आणि विमान वळायला लागायचं, यातही वेळ जातोच. म्हणून अंतर मोडण्याच्या कितीतरी आधी इन्स्ट्रक्टरने आपल्या मनात एक रेषा आखलेली असावी लागते: इथपर्यंत तू सोडव, याच्यापुढे मी.

ही रेषा फार अलीकडे आखली, तर ट्रेनी कधीच शिकत नाही. प्रत्येक गुंता कोणीतरी आधीच सोडवून देतं, आणि त्याला वाटतं की आपल्याला जमतंय. फार पलीकडे आखली, तर प्रवाशांच्या जिवावर शिकवणं होतं. चांगले इन्स्ट्रक्टर पायरीपायरीने जातात. आधी नुसता प्रश्न: ‘उत्तरेकडून येणाऱ्याचं काय करणार आहेस?’ मग बोट पडद्यावरच्या जागी. मग थेट सूचना. आणि शेवटी ‘मी घेतो’. ‘मी घेतो’ म्हटल्यावर ट्रेनीने ताबडतोब गप्प व्हायचं, हे सत्र सुरू होण्याआधीच दोघांत ठरलेलं असावं. दोन आवाज एका फ्रीक्वेन्सीवर गेले तर पायलटला एकही धड कळत नाही.

ट्रेनीचं पिक्चर सुटतंय, हे पडद्याआधी ट्रेनीकडे बघून समजतं. बोलण्याचा वेग वाढतो. कॉलसाइन, म्हणजे रेडिओवर विमानांना हाक मारायची नावं, चुकायला लागतात. नजर एकाच जोडीवर खिळते आणि बाकीच्या आठ विमानांकडे वळतच नाही. हाक मारणाऱ्या प्रत्येक पायलटला ‘स्टँडबाय’, म्हणजे ‘थांबा’, एवढंच उत्तर मिळतं. पायलटने उंची चुकीची परत म्हटली तरी ती कानावरून निघून जाते. मी नव्या इन्स्ट्रक्टरना नेहमी सांगतो, अर्धं लक्ष पडद्यावर ठेवा आणि अर्धं शेजारच्या माणसाच्या श्वासावर. काम हातात घेतलंत तरी गुंता सुटल्यावर, परिस्थिती परवानगी देत असेल तर, त्याच सत्रात ते परत द्या. काढून घेतलेलं काम परत न मिळालेला ट्रेनी ती भीती घरी नेतो आणि दुसऱ्या दिवशी तीच घेऊन खुर्चीत बसतो.

इथे मला नियंत्रण कक्षांतल्या एका जुन्या रीतीबद्दल स्पष्ट बोलायचं आहे. अनेक ठिकाणी अजून असं मानतात की ट्रेनीला चारचौघांत फाडून काढलं म्हणजे तो कणखर होतो. ‘आम्हीही असंच शिकलो’ हे त्याचं समर्थन. मला हे सपशेल अमान्य आहे, आणि कारण निव्वळ सुरक्षिततेचं आहे. ओरडा खाणारा ट्रेनी सगळ्यात आधी लपवायला शिकतो. पायलटचं बोलणं नीट ऐकू आलं नाही तरी ‘पुन्हा सांगा’ म्हणायला तो कचरतो. अंदाजाने पुढे जातो. ‘माझं पिक्चर गेलंय, मदत करा’ हे वाक्य त्याच्या तोंडून निघतच नाही. ही सवय लायसन्स मिळाल्यावर सुटत नाही. शेजारची खुर्ची रिकामी झाल्यावर तर ती जास्तच धोक्याची ठरते.

आणखी एक गोष्ट कमी बोलली जाते. एका ट्रेनीला सहा इन्स्ट्रक्टर मिळाले, तर तो सहा माणसांच्या सहा पद्धती शिकतो. एकाला विमानं लवकर खाली आणायला आवडतं, दुसऱ्याला उशिरा. एक विमानांचा वेग कमी-जास्त करून अंतर जुळवतो, दुसरा वळणं देऊन. नियमांच्या चौकटीत दोन्ही बरोबर असतं. पण आज ज्याबद्दल शाबासकी मिळाली, त्याचसाठी उद्या बोलणी बसतात. मग ट्रेनी आकाश वाचणं सोडतो आणि शेजारी कोण बसलंय ते वाचायला लागतो. म्हणून एका ट्रेनीमागे दोन-तीनच इन्स्ट्रक्टर असावेत, आणि ‘हा नियम आहे’ व ‘ही माझी पद्धत आहे’ यांतला फरक त्यांनी प्रत्येक वेळी बोलून दाखवावा.

कक्षातल्या सवयीही नवा माणूस आपोआप उचलतो. 1 जुलै 2002 च्या रात्री जर्मनीतल्या यूबरलिंगनच्या आकाशात दोन विमानं धडकली आणि 71 जण गेले. तो भाग सांभाळणाऱ्या स्वित्झर्लंडमधल्या झ्युरिकच्या नियंत्रण केंद्रात त्या वेळी एकच कंट्रोलर दोन जागा सांभाळत होता, कारण दुसरा विश्रांतीला गेला होता. रात्री एकाने आराम करायचा, ही तिथली रुळलेली पद्धत होती आणि व्यवस्थापनाने ती चालू दिली होती. पुस्तकात अशी पद्धत कोणी शिकवत नाही. ती शेजारी बसूनच शिकली जाते.

दुसरं उदाहरण मूल्यमापनाचं. 1 फेब्रुवारी 1991 ला लॉस एंजेलिस विमानतळावर धावपट्टीवर थांबवलेल्या छोट्या विमानावर उतरणारं बोइंग 737 आदळलं. 35 माणसं मेली. टॉवरमधल्या कंट्रोलरला त्या थांबवलेल्या विमानाचा विसर पडला होता. तपासात असं दिसलं की अपघाताच्या थोडंच आधी झालेल्या कामाच्या मूल्यमापनात वरिष्ठांनी अशाच प्रकारच्या त्रुटी टिपल्या होत्या, पण त्या दुरुस्त करण्यासाठी पुढे काही झालं नव्हतं. तपास मंडळाने मुख्य ठपका एका व्यक्तीवर न ठेवता, अशी चूक अडवणारी दुसरी फळी न उभारणाऱ्या व्यवस्थेवर ठेवला. नोंद झाली होती. ती वाचून कोणी काही केलं नाही.

म्हणून प्रत्येक सत्रानंतरचं बोलणं आणि लिहिणं मला इतकं महत्त्वाचं वाटतं. ‘ठीक’, ‘सराव हवा’ असले शेरे निरुपयोगी आहेत. ‘उतरणाऱ्या विमानाला खाली आणण्याची वेळ त्याने स्वतः सांगितली होती, पण त्याच वेळी फोन आला आणि सूचना द्यायची राहिली’ असं लिहिलं, तर दुसऱ्या दिवशीच्या इन्स्ट्रक्टरला कुठे बघायचं ते कळतं. आणि बोलताना आधी ट्रेनीला विचारा की त्याला काय दिसलं. त्याला आपली चूक दिसली असेल तर काम हलकं होतं. दिसलीच नसेल, तर शिकवायचा खरा विषय तिथेच सापडतो.

इन्स्ट्रक्टर कोणाला करायचं? उत्तम कंट्रोलर चांगला शिकवेलच असं नाही. काहींच्या हातून काम इतकं सहज होतं की ते कसं केलं हे त्यांना सांगता येत नाही. युरोपीय नियमांत यासाठी आधीचा कामाचा अनुभव, शिकवण्याच्या तंत्राचा अभ्यासक्रम आणि परीक्षा आहे. पण माणसं कमी पडली की आधी याच गोष्टींना कात्री लागते. अमेरिकेत ऑगस्ट 1981 मध्ये संपावर गेलेल्या 11,000 हून अधिक कंट्रोलरना एकदम काढून टाकलं गेलं. त्यांच्याबरोबर शिकवू शकणारी माणसंही गेली. नवी भरती झाली, पण ती सगळी एकाच सुमाराला. तिथे कंट्रोलरला 56 व्या वर्षी निवृत्त व्हावं लागतं, त्यामुळे ती पिढी पुढे एकत्रच बाहेर पडू लागली आणि शिकवण्याचा भार पुन्हा एकदम अंगावर आला. शिकवणारे एका वर्गातून बाहेर काढता येत नाहीत. त्यांना वर्षं लागतात, आणि शिकवणाऱ्यालाही विश्रांती लागते. दिवसभर लागोपाठ ट्रेनीबरोबर बसवलेला इन्स्ट्रक्टर संध्याकाळी ती मनातली रेषा आखू शकत नाही.

शेवटचा मुद्दा नापास करण्याचा. काही जणांना हे काम जमत नाही. बुद्धी असते, मेहनत असते, तरी पिक्चर टिकत नाही. अशा वेळी ‘अजून थोडे तास देऊन बघू’ म्हणत निर्णय ढकलणं ही दया वाटते, पण त्यात त्या मुलाची दोन वर्षं जातात. तीन इन्स्ट्रक्टरच्या नोंदी एकच सांगत असतील, तर त्याला समोर बसवून, नोंदी दाखवून सांगायला हवं. कमी वाहतुकीच्या टॉवरवर किंवा विमान वाहतुकीतल्या दुसऱ्या कामात तो उत्तम रमू शकतो, आणि तो रस्ता दाखवणं हीसुद्धा केंद्राचीच जबाबदारी आहे. हे सांगायला सोबत शिफ्टचा प्रमुख असावा, पण तोंड इन्स्ट्रक्टरनेच उघडावं. इतके महिने शेजारी तोच बसलेला असतो.