खाण्याच्या आजारांचे आकडे वाढले, पण नेमकं वाढलं काय?

नमस्कार मंडळी. ‘मुलांमध्ये खाण्याचे मानसिक आजार वाढले’ ही बातमी हल्ली वरचेवर दिसते आणि सोबत वर चढणारी एक रेघ असते. ती रेघ वाचायची कशी, ते पाहू.

(पडद्यावर: १९७९)

बुलिमिया म्हणजे ताबा सुटून भसाभस खायचं आणि मग ते अंगाला लागू नये म्हणून उलट्या काढून वगैरे धडपडायचं. हे नाव लंडनच्या जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये दिलं. पुढच्याच वर्षी अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत हा आजार आला. ज्याला नावच नाही त्याची नोंद कोण करणार? ब्रिटनमध्ये नंतर नोंदी भराभर वाढल्या, पण १९९६ नंतर त्या उतरल्यासुद्धा. हा उतार बातमीत सहसा नसतो.

(पडद्यावर: २०१३)

त्या पुस्तिकेची पाचवी आवृत्ती २०१३ ची. अ‍ॅनोरेक्सियासाठी (म्हणजे जाड होण्याच्या भीतीने खाणं तोडत जायचं आणि वजन घटत जायचं) पाळी बंद झालेली असण्याची अट तिने काढली. बुलिमियासाठी हा प्रकार तीन महिने आठवड्याला दोन वेळा व्हायला हवा अशी अट होती, ती एकदावर आली. बिंज इटिंग (भसाभस खायचं, पण नंतरची धडपड नाही) आधी कुठल्याच ठरलेल्या निदानात न बसणाऱ्यांच्या ‘इतर’ खान्यात पडायचं, त्याला स्वतःचा खाना मिळाला. म्हणून २०१० आणि २०१६ चे आकडे शेजारी ठेवायचे असतील, तर आधी निकष कुठले ते बघा.

‘इतर’चा हा खाना फार बोलका आहे. ब्रिटनमध्ये फॅमिली डॉक्टरांच्या नोंदींत, १० ते ४९ वयोगटात, नवीन निदानं २००० साली लाखामागे ३२.३ होती, २००९ साली ३७.२. अ‍ॅनोरेक्सिया, बुलिमिया जवळपास जागच्या जागी. फुगला तो ‘इतर’.

मग सगळा खेळ कागदाचाच? नाही. युरोपात १५ ते १९ वयाच्या मुलींमध्ये अ‍ॅनोरेक्सिया वाढलेला आढळला. कोविडमध्ये तर अनेक देशांत किशोरवयीन मुली जास्त संख्येने इस्पितळात दाखल झाल्या. अर्थात, तेव्हा आईबाप दिवसभर घरी होते, ताटात काय उरतंय ते त्यांना दिसत होतं, हेही धरा.

आता आपलं गोंय. इथे सोमवारी शिवराक (म्हणजे शाकाहारी जेवण), श्रावणात शिवराक, वर संकष्टी. यात एखादी मुलगी गुरुवार जोडते, मग शनिवार, आणि घरात कौतुक होतं! भारतातल्या आणि हाँगकाँगच्या काही रुग्णांच्या नोंदींत ‘मला जाड व्हायचं नाही’ हे वाक्यच नाही. ‘पोट भरल्यासारखं वाटतं’, ‘भूक नाही’ एवढंच. मग फोंड्यात अ‍ॅसिडिटीची गोळी, म्हापशात पाळीची तपासणी. मूळ आजाराची नोंद शून्य.

म्हणून उपवास सुटल्यावर ती काय खाते ते बघा. वजन ठीक दिसतंय म्हणून निर्धास्त राहू नका. बुलिमियात ते बहुधा ठीकच असतं. डॉक्टरांना नाडी, झोपून आणि उभं राहून रक्तदाब, रक्तातलं पोटॅशियम आणि ईसीजी बघायला सांगा. वारंवार उलट्यांनी पोटॅशियम उतरतं आणि हृदयाची लय बिघडते. चक्कर येऊन पडली, छातीत धडधडलं, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट कॅज्युअल्टीत न्या.

बांबोळीला मनोविकारांचं सरकारी इस्पितळ आहे. फोनवर बोलायचं असेल तर टेलि-मानस, १४४१६, चोवीस तास, फुकट. फोन आईने केला तरी चालतो.