बोलीवर चढलेली फिरंग

(दृश्य: काळं मखमल. तलवारीच्या पात्याची पाठ, अगदी जवळून.)

ही अक्षरं वाचा. सोन्याच्या पाण्यानं लिहिलेली, देवनागरी.

'श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग.'

२९ एप्रिल २०२५ रोजी लंडनच्या सदबीज लिलावघरात ही तलवार बोलीवर चढली. नागपूरकर भोसल्यांच्या घराण्याचे संस्थापक, पहिले रघुजी, यांच्या नावाची.

पातं युरोपात घडलेलं, म्हणून ती फिरंग. सरळ, एकधारी. घडवणाऱ्या कारखान्याचं नाव मुठीलगत अजून दिसतं. मूठ मात्र इथली, मुल्हेरी म्हणतात त्या धाटणीची. तिच्यावर सोन्याची कोफ्तगरी, म्हणजे पोलादावर सोनं बसवून केलेली नक्षी, आणि धरायच्या जागी गुंडाळलेलं हिरवं कापड. परदेशी पोलाद आणि देशी मूठ, असा मेळ त्या काळच्या बड्या सरदारांच्या शस्त्रांत दिसतो. पण त्यावर धन्याचं नाव आणि पद इतकं स्पष्ट लिहिलेलं क्वचितच सापडतं. या तलवारीचं खरं मोल मला त्या एका ओळीत दिसतं.

'सेनासाहेब सुभा' हे पद रघुजींना छत्रपती शाहू महाराजांनी दिलं. नागपूरहून निघालेल्या त्यांच्या फौजा बंगालवर पुन्हा पुन्हा चालून गेल्या. अखेर १७५१ साली नवाब अलीवर्दीखानानं तह केला आणि वर्षाला १२ लाख रुपये चौथाई कबूल केली. चार वर्षांनी, १७५५ मध्ये, रघुजी वारले.

(दृश्य: सीताबर्डीचा किल्ला, पहाट.)

पुढची गोष्ट सांगताना जड जातं. १८१७ साली सीताबर्डीच्या लढाईत भोसल्यांचा पराभव झाला आणि नागपूरवर कंपनीची पकड बसली. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी गेले. पोटी मुलगा नाही, हे निमित्त करून डलहौसीनं पुढच्याच वर्षी राज्य खालसा केलं.

आणि मग वाड्यातल्या चीजवस्तूंचा लिलाव झाला.

हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीच्या बाजारात नेऊन कवडीमोलानं विकले. जडजवाहीर कलकत्त्याला पाठवलं. वाड्यातलं सामान हलवायला माणसं आली, तेव्हा वृद्ध बांकाबाईंनी वाड्यालाच आग लावीन अशी ताकीद दिली. दुसऱ्या रघुजींच्या त्या विधवा. घरातल्या वस्तूंची परक्यानं बोली लावायची आणि घरच्या बाईनं ते पाहत बसायचं, ही वेळ त्यांच्यावर आली होती.

म्हणून लंडनमधला तो हातोडा मला साधा वाटत नाही.

(दृश्य: लिलावाचं दालन. वर गेलेले हात.)

तलवार विकायला निघाल्याची बातमी राज्य सरकारपर्यंत पोहोचली ती २८ एप्रिलला. दुसऱ्याच दिवशी लिलाव. सरकारी फाईल एका दिवसात हलणं कठीण. लिलावात तर क्षणाचा उशीर झाला तरी वस्तू दुसऱ्याच्या घरी जाते. सरकारनं मध्यस्थ गाठला आणि त्याच्यामार्फत बोली लावली. लिलावात हातोडा पडतो त्या रकमेवर लिलावघराची दलाली चढते, शिवाय विमा आणि वाहतूक. एकूण खर्च ४७ लाख १५ हजार रुपये.

आपलीच वस्तू आपण विकत का घ्यायची? हा प्रश्न मलाही बोचतो. पण शंभर वर्षांहून जुन्या वस्तू देशाबाहेर नेण्यावर बंधन घालणारा आपला कायदा १९७२ चा. त्याआधी गेलेल्या वस्तूला तो हात लावू शकत नाही. युनेस्कोचा १९७० चा करारही मागच्या काळाला लागू होत नाही. खटला लढत बसलो असतो, तर ही तलवार एखाद्या खासगी संग्रहाच्या कपाटात गेली असती आणि पुढची पन्नास वर्षं कुणाच्या नजरेला पडली नसती. पैसे मोजले, ते योग्यच केलं असं मला मनापासून वाटतं.

११ ऑगस्टला सांस्कृतिक कार्यमंत्री आशिष शेलार यांनी लंडनमध्ये तलवारीचा ताबा घेतला. १८ ऑगस्टला ती मुंबईच्या विमानतळावर उतरली. शहरात मुसळधार पाऊस कोसळत होता. तिथून ती प्रभादेवीच्या पु. ल. देशपांडे महाराष्ट्र कला अकादमीत आली.

(दृश्य: पुन्हा तीच अक्षरं.)

लिलावाच्या दालनात या ओळीचा अर्थ दुसऱ्या भाषेत समजावून सांगावा लागला असेल. इथं काचेसमोर उभं राहिलेलं दुसरीतलं पोरही बोट ठेवून वाचतं: श्री, मं, त... र, घो, जी.