एनएडी ३०२०: आधी पॉवर सप्लाय

झाकणाचे स्क्रू निघाले. ब्रशनं धूळ झटकली जातेय, आणि खालून वर येतोय एनएडी ३०२०. १९७८ साली बाजारात आलेला हा अँप्लिफायर नॉर्वेच्या ब्यर्न एरिक एडवर्डसन यांनी आखला. कागदावर प्रत्येक चॅनेलला फक्त २० वॅट. पण अवघड स्पीकर समोर आला की त्या आकड्यापेक्षा बराच जास्त जोर तो क्षणभर लावू शकतो. मोजक्या पैशांत खरं हायफाय ऐकता येतं, हे या साध्या डब्यानं जगभरच्या श्रोत्यांना पटवून दिलं.

मागच्या बाजूला यू आकाराचे हे धातूचे दुवे पाहा. सिग्नल सावरणारा प्रीअँप्लिफायर आणि स्पीकरला जोर देणारा पॉवर अँप्लिफायर यांना ते जोडतात. त्यांच्यावर गंज चढला की एक चॅनेल अधूनमधून गायब होतो आणि मालकाला वाटतं, मशीन गेलं. कित्येक चांगली मशीनं अशी भंगारात गेली असतील! म्हणून इथली सफाई पहिली.

आता कॅमेरा जवळ. हे मोठे दंडगोल म्हणजे पॉवर सप्लायचे, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या भागाचे, फिल्टर कपॅसिटर; चार्ज साठवणं हे त्यांचं काम. घरातली ५० हर्ट्‌झची वीज ट्रान्सफॉर्मरमधून येते, ब्रिज रेक्टिफायर तिच्या दोन्ही अर्धलहरी एकाच दिशेला वळवतो. सेकंदाला १०० उसळ्या मिळतात. दोन उसळ्यांमधला खड्डा भरून काढायचा तो या कपॅसिटरनी. समजा अँप्लिफायर १ अँपिअर ओढतोय: ४,७०० मायक्रोफॅरडवर व्होल्टेज प्रत्येक खड्ड्यात साधारण २ व्होल्टनी घसरतं, १०,००० वर १ व्होल्टनी. तबल्याची थाप पडते तेव्हा लागणारा करंट याच साठ्यातून येतो.

कपॅसिटरच्या आत अ‍ॅल्युमिनियमच्या गुंडाळलेल्या पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये ओलसर इलेक्ट्रोलाइट. उष्णतेनं तो सुकत जातो. क्षमता घटते, आतला रोध वाढतो. तापमान १० अंशांनी कमी असेल तर आयुष्य ढोबळमानानं दुप्पट होतं. उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकच्या शेजारचे म्हणूनच आधी दगा देतात.

सोल्डरिंग आयर्नला हात लावण्याआधी साठलेला चार्ज रेझिस्टरमधून उतरवलाय. नवा कपॅसिटर १०५ अंश सेल्सिअसपर्यंत टिकणारा, व्होल्टेज जुन्याइतकं किंवा थोडं जास्त. क्षमता फार वाढवायची नाही. पाचपट-दहापट केली तर मशीन चालू करतानाचा करंटचा लोंढा फ्यूज उडवतो, रेक्टिफायरचाही बळी घेऊ शकतो. ऋण बाजूची पट्टी बोर्डावरच्या खुणेशी जुळवलीय. ती उलटी झाली तर कपॅसिटर फुटतो.

बरेच हौशी लोक सुरुवात करतात ती सिग्नलच्या वाटेवर महागडे पॉलिप्रॉपिलीन (प्लास्टिक फिल्मचे) कपॅसिटर बसवण्यापासून. आमच्या मते हा क्रमच उलटा. पुरवठाच डळमळत असेल, तर सिग्नलच्या वाटेवर कितीही भारी वस्तू बसवा, डळमळ ऐकूच येणार. पुरवठा सावरला की मग कपलिंग कपॅसिटर, म्हणजे सिग्नल एका टप्प्यातून पुढच्या टप्प्यात नेणारे. जागा असेल तिथे फिल्म, नसेल तिथे चांगल्या दर्जाचा इलेक्ट्रोलिटिक. टोन कंट्रोलमधल्या भागांची मूल्यं मात्र जशीच्या तशी ठेवायची. या मशीनचा स्वभाव तिथे आहे आणि तो एडवर्डसन यांचा आहे.

चालू करायची वेळ. थेट प्लगमध्ये नाही, सिरीज बल्ब लावून, म्हणजे विजेच्या वाटेत आधी एक बल्ब जोडून. बल्ब झगझगीत पेटला... आणि मंद होत गेला. कपॅसिटर भरले, कुठे शॉर्ट नाही. तो तसाच जळत राहिला असता, तर लगेच बंद करावं लागलं असतं.

मशीन तापू द्यायचं, मग मल्टिमीटर लावून दोन्ही चॅनेलचं बायस (संगीत नसतानाही ट्रान्झिस्टरमधून वाहणारा छोटा करंट) सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे बसवायचं. स्पीकरच्या टोकांवरचं डीसी व्होल्टेज शून्याजवळ आलं की रेकॉर्ड लावायला हरकत नाही.

मागची घरघर गेलीय, खालचे सूर घट्ट झालेत. मशीन संध्याकाळी मालकाच्या घरी पोचलं.